युरोपात शेतीवर ३८७ अब्ज युरो, माशांवर ६ अब्ज, आणि भांडणं मात्र माशांवरून जास्त. असं का?

पोल्डरकर:

नेदरलँड्समध्ये फ्लेवोलँड प्रांतात राहतो. नकाशात बघाल तर पट्टी लावून आखल्यासारखी शेतं, बटाटा, कांदा, बीट, ट्युलिप, सगळं समुद्रसपाटीच्या खाली, कारण १९३२ मध्ये मोठा बांध घालेपर्यंत इथे खारं पाणीच होतं. ह्याच प्रांतात उर्क नावाचं गाव आहे, ते आधी बेट होतं, १९३९ ला जमिनीला जोडलं गेलं. समुद्र लांब गेला तरी लोकांनी मासेमारी काही सोडली नाही, बोटी उत्तर समुद्रात जातात, मासळी दुसऱ्या बंदरात उतरते आणि ट्रकने उर्कच्या लिलावात येते.

तर आमच्या ऑफिसात एक जण शेतकऱ्याच्या घरचा आणि एक उर्कचा. जेवणाच्या सुट्टीत दोघंही ब्रसेल्सला, म्हणजे युरोपियन युनियनला, शिव्या घालतात पण दोघांच्या शिव्यांची जात वेगळी. शेतकऱ्याचा पोरगा म्हणतो कागद फार भरायला लावतात, शेणखताचे नियम जाचक आहेत. उर्कवाला म्हणतो त्यांनी आमचा धंदा संपवला. एकाच युनियनची दोन सामाईक धोरणं, निर्णयही मंत्र्यांच्या एकाच परिषदेत होतात (शेती आणि मत्स्य एकत्रच बसतात), मग इतका फरक का, म्हणून वाचायला लागलो आणि आता इथे उतरवतोय.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे भांडायला सोपं जाईल. शेतीत युरोपने पैसे वाटले आणि पैसे कमी पडले तर पुढच्या बजेटात वाढवता येतात. समुद्रात मात्र त्यांना मासेच वाटायला लागले आणि ते काही ब्रसेल्सला छापता येत नाहीत.

शेतीचं आधी. १९५७ च्या रोम करारातच, जिथून ह्या युनियनची सुरुवात झाली, सामाईक शेती धोरण लिहून ठेवलं होतं, कारण सगळ्यांना युद्धातली उपासमार आठवत होती. इथे हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात लोकांनी ट्युलिपचे कांदे खाल्ले. धोरणाचा शिल्पकार सिको मान्सहोल्ट, स्वतः पोल्डरमधला (पाणी हटवून काढलेल्या जमिनीवरचा) शेतकरी, युद्धानंतर इथला शेतीमंत्री आणि मग युरोपियन कमिशनर. १९५८ ला इटलीत स्ट्रेसाला परिषद झाली, आणि नियम ठरवायची मुदत होती ३१ डिसेंबर १९६१. तेव्हाच्या सहा सभासद देशांचं काही जमेना, तर पठ्ठ्यांनी मध्यरात्री घड्याळच थांबवलं, म्हणजे कागदोपत्री ३१ डिसेंबर संपलाच नाही, आणि १४ जानेवारीला तडजोड करून उठले. शेतमालाला हमी किंमत, पडलं तर सरकारी खरेदी, बाहेरच्या मालावर आकार, आणि जास्त झालं तर निर्यातीला अनुदान. आपल्याकडच्या वाचकांना हे सगळं फार ओळखीचं वाटेल.

झालं असं की हमी मिळाल्यावर शेतकऱ्यांनी पिकवलंच पिकवलं. सत्तर-ऐंशीच्या दशकात लोण्याचे डोंगर आणि वाईनची तळी हे शब्द तिथल्या पेपरात रोजचे झाले, युरोपच्या बजेटचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग शेतीवर जायचा. मग १९८४ ला दुधाला कोटा लावला, १९९२ ला मॅकशेरी नावाच्या आयरिश कमिशनरने हमी किमती कापून त्याबदल्यात हेक्टरप्रमाणे थेट पैसे द्यायला सुरुवात केली, २००३ ला ते पैसे उत्पादनापासून तोडले, म्हणजे काय पिकवता ह्याच्याशी संबंध नाही, जमीन नीट ठेवा आणि पैसे घ्या. आता २०२१ ते २७ साठी ३८७ अब्ज युरो, एकूण बजेटच्या साधारण एक तृतीयांश. मासेमारीच्या फंडाला त्याच काळात ६ अब्ज आणि वर थोडे.

आता मासे. १९७० मध्ये ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे आत यायच्या रांगेत होते. चौघांकडे मिळून युरोपातली सगळ्यात श्रीमंत मासेमारीची पाणी. आतले सहा देश ३० जून १९७० ला, म्हणजे ज्या दिवशी प्रवेशाच्या वाटाघाटी औपचारिक सुरू झाल्या त्याच दिवशी, ठरवून मोकळे झाले की सभासदांच्या पाण्यात सगळ्या सभासदांना सारखा प्रवेश. येणाऱ्याने दार उघडायच्या आधीच त्याच्या घरातली मासळी वाटून घेतली. नॉर्वेने १९७२ ला सार्वमतात नाही म्हटलं, १९९४ ला परत नाही, आणि दोन्ही वेळा मासे हे मोठं कारण होतं. ग्रीनलँड तर आत होतं ते १९८५ ला बाहेर पडलं, तेही माशांवरूनच.

खरा कोटा ठरला १९८३ च्या जानेवारीत. कुठल्या समुद्रातला कुठला मासा कुठल्या देशाला किती टक्के, हे १९७३ ते ७८ मध्ये कोणी किती पकडला ह्यावरून बांधून टाकलं, आणि ती टक्केवारी थोड्याफार फरकाने आजपर्यंत चालू आहे. दरवर्षी डिसेंबरात फक्त एकूण आकडा ठरतो, वाटणी तीच. त्यामुळे इंग्लिश चॅनेलमधल्या कॉडपैकी ८४ टक्के फ्रान्सला आणि ब्रिटनला ९ असली गणितं तयार झाली. ब्रेक्झिटवाल्यांनी हा आकडा किती वापरला असेल बघा.

तुमचं काय मत? नाशिक, कोकण, आयर्लंडवाले लोक इथे आहेत, त्यांनी जरूर लिहा.

चहाबिस्कुट:

घड्याळ थांबवायची आयड्या मार्च एंडला आमच्या अकाउंट्समध्ये सांगतो. बाकी वाचतोय, हिशेबनीस आले की मजा येईल.

हिशेबनीस:

आलो. लेख चांगला आहे पण थिअरीला भोकं आहेत.

एक तर शेतीत भांडणं झाली नाहीत हे चूक. १९६५ च्या जुलैपासून १९६६ च्या जानेवारीपर्यंत द गॉलच्या फ्रान्सने मंत्र्यांच्या बैठकीवर बहिष्कार घातला, खुर्ची रिकामी ठेवली, आणि सुरुवात कशावरून तर शेती धोरणाचे पैसे कुठून आणायचे ह्यावरून. तुमच्याच मान्सहोल्टने १९६८ ला प्लॅन मांडला की शेती आटोपशीर करा, पन्नास लाख लोकांनी शेती सोडावी, पन्नास लाख हेक्टर पिकाखालून काढा. त्यावरून १९७१ च्या मार्चमध्ये ब्रसेल्सला लाखभर शेतकरी आले, जाळपोळ झाली, एक माणूस मेला. थॅचरबाईंनी १९८४ ला फोंतेनब्लोच्या बैठकीत ब्रिटनच्या वर्गणीत सूट घेतली तीसुद्धा शेतीच्या खर्चामुळेच, ब्रिटनची शेती लहान, त्यांना परत काही मिळत नव्हतं.

दुसरं, दुधाचा कोटा हीसुद्धा मर्यादित गोष्टीची वाटणीच की. ३१ वर्षं चालला, २०१५ च्या ३१ मार्चला संपला, कोणी कोणाची गाय अडवली नाही. मग मर्यादित असलं की भांडण, हे कसं?

आणि पैसे वाटले म्हणता, पण कोणाला? ८० टक्के थेट अनुदान २० टक्के लोकांना जातं. हेक्टरवर पैसे दिले की ज्याच्याकडे जमीन त्याला पैसे, आणि जमिनीचे भाव आणि खंड वाढतात, तरुण माणसाला जमीन मिळत नाही. हे सहकार्य नाही, ही जमीनदारांची पेन्शन आहे.

पोल्डरकर:

८०-२० मान्यच आहे, त्यावर वाद नाही.

दुधाचं मात्र नाही पटलं. दुधाच्या कोट्यात तुझ्या गोठ्यातल्या तुझ्या गाईवर मर्यादा होती, शेजाऱ्याच्या गाईने जास्त दूध दिलं म्हणून तुझी गाय आटत नाही. माशात मी सोडलेला मासा तू पकडणार, म्हणून मी सोडत नाही. आणि रिकामी खुर्ची सहा महिन्यांनी भरली, लक्झेंबर्गला तडजोड झाली, फ्रान्स परत आला आणि पैसे वाढले. नॉर्वे परत आला का?

उर्कचंच उदाहरण घ्या. सोल म्हणजे आपली लेप, ती तळाशी वाळूत असते. पूर्वी जड साखळ्या तळावरून ओढून तिला उठवायचे. डच लोकांनी विजेचे हलके झटके देणारी जाळी काढली, डिझेल जवळपास निम्म्याने वाचलं, तळही कमी खरवडला जातो. आयसीईएस म्हणून कोपनहेगनला शास्त्रज्ञांची संस्था आहे जी सगळ्यांना सल्ला देते, तिनेसुद्धा २०२० ला म्हटलं की साखळ्यांपेक्षा हे कमी नुकसानीचं. पण फ्रान्सचे छोटे मासेमार आणि पर्यावरणवाले म्हणाले आमच्या दारातली लेप हे सगळी उचलून नेतात, २०१८ ला युरोपियन पार्लमेंटने विरोधात मत दिलं आणि २०२१ च्या जुलैपासून पूर्ण बंदी. मग डिझेल महागलं, साखळ्यावाल्या बोटी परवडेनात, आणि ब्रेक्झिटच्या भरपाईच्या पैशातून कितीतरी कटर (मासेमारीच्या मोठ्या बोटी) मोडीत काढले. उर्कवाल्याला आता पैसे नको होते असं नाही, पण बोट मोडायचे पैसे आणि शेतकऱ्याला जमीन ठेवायचे पैसे ह्यात फरक आहे की नाही?

हिशेबनीस:

फ्रेंच छोट्या मासेमाराची बाजू तुम्ही एका वाक्यात उरकलीत. त्याच्याकडे दहा मीटरची बोट, समोरून चाळीस मीटरचा कटर येणार आणि तो डिझेल वाचवणार म्हणून ह्याने टाळ्या वाजवायच्या?

पोल्डरकर:

तो प्रश्न जाळ्याचा नाही, कोटा देशाच्या आत कोणाला मिळतो त्याचा आहे, आणि तो देशच ठरवतो. ब्रसेल्स फक्त देशाला देतं. पण ठीक, मुद्दा पोचला.

द्राक्षबाग:

निफाडहून. आमचा युरोपशी संबंध ह्या अनुदानाशी नाही, रेसिड्यूशी (फळात उरलेल्या औषधाच्या अंशाशी) आहे. २०१० चं साल आठवतंय का कोणाला, क्लोरमेक्वाट, म्हणजे आपण लिहोसिन म्हणतो ते, त्याचा अंश सापडला म्हणून महाराष्ट्रातले द्राक्षांचे कंटेनर तिकडे अडकले. वेल वाढ जास्त करते म्हणून सगळेच मारायचे, आपल्याकडे तपासणीच्या यादीतच ते औषध नव्हतं. एक्सपोर्टरने हात वर केले, बागायतदार कर्जात. त्यानंतर यादी वाढली, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची लॅब, ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांची ऑनलाइन नोंद) प्लॉटची नोंदणी, काढणीच्या आधी सॅम्पल, सगळं कडक झालं. आज कोणी रॉटरडॅमला पेटी उचलली तर कुठल्या प्लॉटची ते कळतं.

राग येतो तो वेगळ्याचा. त्यांच्या शेतकऱ्याला हेक्टरी पैसे मिळतात आणि वर नियम. आम्हाला फक्त नियम. पण खरं सांगायचं तर त्या नियमांमुळे आमच्या घरातले लोकही आता औषध मोजून मारतात, हेही तितकंच.

ता. क. २०१४ ला हापूस पण बंद केला होता त्यांनी, फळमाशीमुळे, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळू. अळू! अळूवडीने युरोपचं काय घोडं मारलं होतं देव जाणे. आंबा पुढच्या वर्षी सुरू झाला.

निवृत्त_दुग्धवाला:

धाग्यात लोण्याचे डोंगर वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या. त्या डोंगरांचा एक भाग आपल्याकडे आला होता. १९७० पासून ऑपरेशन फ्लडच्या पहिल्या टप्प्यात युरोपियन समुदायाने दूध पावडर आणि बटर ऑइल जागतिक अन्न कार्यक्रमातर्फे फुकट दिलं. फुकट घेऊन फुकट वाटलं असतं तर आपला दूधवाला मेला असता. डॉ. कुरियन यांनी ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासच्या डेअऱ्यांना विकलं, बाजारभाव पडू न देता, आणि त्या पैशातून गावोगावच्या सहकारी संस्था, शीतकरण केंद्रं, टँकर उभे केले. मी दुग्धविकास खात्यात लागलो तेव्हा पावडर कालवून त्यात म्हशीचं दूध मिसळून फॅट जमवायचं हेच पहिलं काम शिकलो. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की माल परदेशातून येतो. त्यांच्याकडे तो का उरला होता हे कोणी विचारलं नाही.

त्याच युरोपचं अनुदानाचं दूध पावडर नंतर बऱ्याच गरीब देशांत स्वस्तात जाऊन पडलं आणि तिथल्या गवळ्यांचं नुकसान झालं, सगळ्यांकडे कुरियन नव्हते.

चहाबिस्कुट:

काका, ह्यावर वेगळा धागा काढा. खरंच.

आबोली:

मी कॉर्कला असते, आयर्लंड. इथे जी जुनी तक्रार आहे ती ह्या धाग्याला अगदी फिट बसते, लोक सरळ म्हणतात की १९७३ ला युरोपात जाताना आम्ही शेतीसाठी मासे विकले. आणि बघितलं तर तसंच वाटतं. आयर्लंड म्हणजे गवत, गाई, लोणी, बीफ, त्यांना ब्रिटन सोडून दुसरं मोठं गिऱ्हाईक पाहिजे होतं, ते मिळालं आणि वर हमी किंमत. मासेमारी तेव्हा लहान होती, बोटी लहान, म्हणजे १९७३-७८ चा रेकॉर्ड पण लहान, आणि वाटणी त्या रेकॉर्डवर! ज्याने आधी ओरबाडलं त्याला कायमचा जास्त वाटा. थोडी जास्तीची सोय आयर्लंडला १९७६ ला हेगला मिळाली होती पण तीसुद्धा डिसेंबरात दरवर्षी भांडून घ्यावी लागते.

म्हणून पोल्डरकर तुमचं अर्धं पटलं. पैसे विरुद्ध मासे असं वेगळं नाहीये ते, एका ताटातले पैसे मिळावेत म्हणून दुसऱ्या ताटातले मासे दिलेत. वाटाघाटीला बसणारे मंत्री तेच, आणि शेतकऱ्यांची मतं जास्त, किलीबेग्ज बंदरातल्या मासेमारांची किती?

किनाऱ्यावरून स्पॅनिश बोटी दिसतात, लोकांचा जीव जळतो. स्पेन १९८६ ला आत आला, टनेज बघितलं तर सगळ्यात मोठा ताफा त्यांचा.

तांडेल:

पोल्डरकरानु, बरा लिवलात. आता मालवणीत लिवलंय तर निम्मे लोक पळतले म्हणून साध्या मराठीत.

आमच्याकडे मालवणात हेच चालू आहे, फक्त कोटा नाही. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल राज्याचे, पुढचं केंद्राचं. कर्नाटकातले, मलपीचे मोठे हायस्पीड ट्रॉलर येतात, गोव्याचे येतात, रात्री ओढून जातात. महाराष्ट्राने पर्ससीनवर (थवाच घेरणारं मोठं जाळं) २०१६ ला निर्बंध आणले, डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून, पण बांगड्याला कुठे माहीत की तो महाराष्ट्राचा की कर्नाटकचा. रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे), छोट्या गिलनेटवाले बघत बसतात. किती मासळी कोणी धरायची ह्याचा आकडा आपल्याकडे नाहीच, जून-जुलै बंदी आणि जाळ्याची आस (भोकाचा आकार) किती असावी एवढंच, आणि आस कोण मोजतो?

मला विचारायचं आहे की तिकडे आयर्लंडच्या पाण्यात स्पॅनिश बोट चुकीचं करते तर पकडतो कोण, आणि पकडून होतं काय? कारण इथे सगळं तिथेच अडतं.

पोल्डरकर:

तांडेल, चांगला प्रश्न. पकडतो ज्याचं पाणी तो, आयर्लंडमध्ये तर नौदलच. बारा मीटरच्या वरच्या बोटीला उपग्रहाचा ट्रॅकर सक्तीचा आहे, पकड किती ते इलेक्ट्रॉनिक लॉगबुकात भरायचं, आणि गंभीर गुन्ह्याला लायसन्सवर पॉइंट चढतात, ठरावीक पॉइंटला लायसन्स सस्पेंड. सगळ्या देशांच्या तपासण्यांचा मेळ घालणारी एजन्सी आहे तिचं ऑफिस कुठे असावं? स्पेनमध्ये, विगोला. म्हणजे सगळ्यात मोठ्या ताफ्याच्या दारातच. ठरवून केलं की गंमत झाली माहीत नाही, पण मला आवडलं.

तरी गळती आहेच. पूर्वी कोट्यापेक्षा जास्त आलेला किंवा बारका मासा मेलेलाच परत समुद्रात फेकायचे, कारण आणला तर गुन्हा. लोकांनी फार आरडाओरडा केला, तेव्हा २०१३ च्या सुधारणेत ठरलं की पकडलेलं सगळं किनाऱ्यावर आणायचं आणि कोट्यातून वजा करायचं. २०१५ ते २०१९ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झालं. कागदावर फार छान. पण समुद्रात बोटीवर बघायला कोण आहे? आता १८ मीटरच्या वरच्या ज्या बोटींवर संशय जास्त त्यांच्यावर २०२८ पासून कॅमेरे येणार आहेत, उर्कवाला त्यावरूनही पेटलेला आहे.

तांडेल:

म्हणजे तिकडे पण कागद आणि दर्या वेगळे. बरं वाटलं वाचून :) पण ट्रॅकर आणि पॉइंट एवढं जरी इथे नीट झालं तरी अर्धी भांडणं कमी होतील. रत्नागिरीहून म्हाकुळ युरोपला जातो त्याला कॅच सर्टिफिकेट लागतं, एमपीईडीए म्हणजे केंद्राच्या सागरी निर्यात संस्थेकडून, बोट कुठली, कधी गेली, काय धरलं. थायलंडला २०१५ ला पिवळं कार्ड (बेकायदा मासेमारीबद्दल इशारा) दिलं होतं त्यांनी, श्रीलंकेचा माल तर बंदच केला होता. तेव्हा बाहेरच्याने मागितलं की कागद होतो, आमच्या रापणवाल्याने मागितलं की होत नाही.

निळीशाई:

रेनला शिकते, ब्रिटनी, फ्रान्स. कोणीच शेती आणि समुद्र एकमेकांना जोडले नाहीत म्हणून लिहिते, इथे ते नाकाने जोडलेले आहेत.

फ्रान्सची निम्म्याहून जास्त डुकरं ह्या एका प्रदेशात आहेत, शिवाय कोंबड्या आणि गाई. सगळं शेतीधोरणाच्या छत्राखाली मोठं झालं. त्यांचं मलमूत्र शेतात, त्यातलं नायट्रेट नदीत, नदी उथळ खाडीत, आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाचे थर. ते कुजलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. २००९ च्या जुलैमध्ये साँ-मिशेल-आं-ग्रेव्हला एक घोडा त्या शेवाळात रुतून मेला आणि वरचा स्वार बेशुद्ध पडला, तेव्हा पॅरिसला जाग आली. नायट्रेटचा युरोपियन कायदा १९९१ चा आहे बरं का, अठरा वर्षं आधीचा.

बाल्टिकमध्ये ह्याहून वाईट. आजूबाजूच्या सगळ्या देशांच्या शेतांमधलं खत त्या बंद समुद्रात, तळाला ऑक्सिजन नाही, पूर्वेकडचा कॉड बारीक आणि रोगट झाला. २०१९ पासून त्याची मासेमारीच जवळपास बंद आहे. कोटा जवळपास शून्य झाला तो मासेमाराचा, ज्याच्या खताने तळ मेला त्याचं अनुदान चालू. एकाच परिषदेत बसतात म्हणता ना, मग तिथे हा हिशोब एकदा व्हायला हवा होता.

हिशेबनीस:

निळीशाई, प्रतिसाद आवडला. ह्या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे असं माझं मत झालंय, पैसे विरुद्ध मासे वगैरे बाजूला ठेवा. सहकार्य आहे पण दोन वेगळ्या फायलींत.

फक्त एक, माशांचं सगळंच फसलं असं चित्र नको. ब्लूफिन ट्यूना २००७ च्या आसपास संपायला आला होता, अटलांटिक ट्यूना आयोगाने कोटा २०११ ला १२,९०० टनांपर्यंत खाली आणला, लोकांनी बोंब मारली, पण मासा परत आला, २०२३ ते २५ ला कोटा ४०,५७० टन होता. ऐकलं शास्त्रज्ञांचं की होतं.

आणि ६ अब्जच मिळतात ह्याचं वाईट वाटून घेऊ नका, मासेमारीला जास्त पैसे म्हणजे जास्त मोठ्या बोटी, जास्त मोठं इंजिन. तिथे कमी पैसेच बरे.

पोल्डरकर:

निळीशाई, आमच्या इथे उलट बाजूने तेच. डच शेतकऱ्यांना शेणखत हेक्टरी २५० किलो नायट्रोजनपर्यंत टाकायची सूट होती, ती टप्प्याटप्प्याने काढून २०२६ पासून १७० वर आणली. २०१९ च्या मे महिन्यात इथल्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाने नायट्रोजनचे परवाने ज्या योजनेखाली मिळायचे ती योजनाच रद्द केली, ऑक्टोबरात हेगला ट्रॅक्टरच ट्रॅक्टर, २०२२ ला हायवेवर प्रत्येक पुलाला निषेधाचे उलटे झेंडे, आणि २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत शेतकऱ्यांचा नवा पक्ष सगळ्यांना मागे टाकून पहिला. मासेमारांचा असा पक्ष निघूच शकत नाही, माणसंच नाहीत तेवढी. आबोलीने मतांचं लिहिलं ते बरोबरच आहे.

द्राक्षबाग:

२०२४ ला टीव्हीवर ब्रसेल्सचे ट्रॅक्टर बघितले, टायर पेटवलेले. आमचं पोरगं म्हणालं ह्यांच्याकडे एवढे मोठे ट्रॅक्टर आहेत तर आंदोलन कशाला करतात. त्यातून मिळालं काय त्यांना?

पोल्डरकर:

बरंच. कीटकनाशकं निम्मी करायचा कायदा येणार होता तो फेब्रुवारीत युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष फॉन डेर लायनबाईंनी मागे घेतला. चार टक्के जमीन पडीक ठेवायची अट काढून टाकली. तपासण्या कमी केल्या. कारणं प्रत्येक देशाची वेगळी होती, जर्मनीत डिझेलची सूट काढली म्हणून, पोलंडमध्ये युक्रेनचा स्वस्त गहू-मका आला म्हणून, फ्रान्सला दक्षिण अमेरिकेशी करार नको. पण ट्रॅक्टर सगळ्यांकडे होते. आता २०२८ पासूनच्या बजेटात शेतीचा वेगळा फंड बंद करून एकाच मोठ्या गाठोड्यात टाकायचा प्रस्ताव २०२५ च्या जुलैत आलाय, त्यात शेतकऱ्यांच्या उत्पन्नासाठी ३०० अब्ज बाजूला काढून ठेवलेत. मासेमारीला २.

चहाबिस्कुट:

मग ब्रिटन बाहेर पडून मासे घेऊन गेलं का शेवटी? एवढं ऐकलं होतं.

आबोली:

थोडेसे. २०२० च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी करार झाला, ब्रिटिश पाण्यातल्या युरोपच्या कोट्यापैकी किमतीने पंचवीस टक्के हळूहळू ब्रिटनला, २०२६ च्या जूनपर्यंत. नंतर दरवर्षी बोलायचं असं होतं, पण २०२५ च्या मेमध्ये ब्रिटनने २०३८ पर्यंत युरोपच्या बोटींना प्रवेश देऊन टाकला, स्कॉटलंडचे मासेमार प्रचंड चिडले. ज्यांच्या नावाने मतं मागितली त्यांना शेवटी हेच मिळालं. आणि आयर्लंडच्या वाट्याला फुकटची कपात, कारण ब्रिटनला द्यायचा बांगडा बराचसा आमच्या कोट्यातून गेला.

आता तोच बांगडा संपत आलाय. युरोप, ब्रिटन, नॉर्वे, फॅरो, आइसलँड सगळे वर्षानुवर्षं आपापला कोटा स्वतःच जाहीर करत आले आणि बेरीज शास्त्रज्ञांच्या आकड्याच्या वर जात राहिली. २०१९ ला त्याचं शाश्वत मासेमारीचं निळं लेबल काढून घेतलं तरी कोणी हललं नाही. २०२६ साठी आयसीईएसने ७० टक्के कपात सुचवली. सत्तर! किलीबेग्जच्या कारखान्यांमध्ये हिवाळ्यातलं मुख्य काम हाच मासा असतो.

तांडेल:

७० टक्के एका वर्षात? मग खलाशांना काय, त्यांना भरपाई मिळते की फक्त बोटीच्या मालकाला?

आबोली:

बोट मोडीत काढली तर स्कीममध्ये खलाशांसाठी थोडे पैसे असतात. बोट नुसती बांधून ठेवली तर देशावर अवलंबून. आणि कारखान्यातल्या बायकांना, ज्या बऱ्याचशा पूर्व युरोपातून आलेल्या असतात, त्यांच्याबद्दल मी तरी कोणाला बोलताना ऐकलं नाही.